लाव्हावरची अकरा कवचं

एकोणऐंशी साली मी भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि त्याच कॉलेजात प्रयोगशाळा सहायक म्हणून लागले. वर्गात मी एकटीच मुलगी होते. वडील नगरपालिकेच्या शाळेत शिक्षक. भूशास्त्र म्हणजे भूगोलाचंच काहीतरी, अशी त्यांची समजूत. आईला एवढंच दिसायचं, की पोरगी सकाळी नीट वेणी घालून जाते आणि संध्याकाळी केसांत धूळ घेऊन परत येते. "पाहुण्यांना हे कसं सांगायचं?" हा तिचा कायमचा प्रश्न.

मी ज्यांच्या हाताखाली काम करायचे ते सर तेव्हा चाळिशीला आले होते. मूळचे चांदवडकडच्या एका खेड्यातले. त्यांचे वडील आग्रा रोडच्या कामावर खडी फोडायचे. "माझा बाप ज्या काळ्या दगडावर हातोडी मारायचा, त्याचं नाव त्याला माहीत नव्हतं. मला माहीत आहे. बेसाल्ट." पहिल्याच तासाला ते मुलांना हे सांगायचे. काही मुलं हसायची. गावच्या बौद्ध वस्तीतून एम.एस्सी.पर्यंत पोचलेले ते पहिलेच. जर्नल सहीला घेऊन स्टाफरूममध्ये गेलं की त्यांच्यामागे काय बोललं जातं, ते माझ्या कानावर पडायचं. "मिळालीय जागा, तर शिकवावं गप. पीएच.डी. कशाला हवी?" असं एक जण म्हणायचे, आणि बाकीचे चहाच्या कपात बघायचे.

सरांची पीएच.डी. समुद्रातल्या जिवांवर होती. नाशिकात बसून समुद्राचा अभ्यास म्हणजे लोकांना गंमत वाटायची. पण सरांचं म्हणणं सरळ होतं. आपले सगळे डोंगर, चामरलेण्यापासून सप्तशृंगीच्या कड्यापर्यंत, लाव्हाचे आहेत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी हा लाव्हा थरावर थर असा वाहिला आणि त्याच काळात पृथ्वीवरचे अर्ध्याहून जास्त प्रकारचे जीव संपले. कुणी म्हणतं लाव्हाच्या विषारी वायूंनी, कुणी म्हणतं आकाशातून मोठा दगड येऊन आदळला म्हणून. "आपल्या इथे समुद्र नव्हता," सर सांगायचे, "त्यामुळे समुद्रात कोण मेलं, कोण वाचलं, हे आपला दगड सांगत नाही. ते खाली सांगता येतं, राजमहेंद्रीला."

राजमहेंद्री म्हणजे आपली गंगा जिथे समुद्राला मिळते, त्याच्या थोडं अलीकडे. नाशिकची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतात. तिथे चुनखडीच्या खाणी आहेत. खाणीच्या भिंतीत खाली समुद्राच्या तळाची जुनी माती, तिच्यावर लाव्हाचा काळा पट्टा, आणि त्याच्यावर पुन्हा समुद्राची माती. लाव्हा येण्याआधीचा समुद्र खाली, लाव्हा येऊन गेल्यावरचा समुद्र वर. ऐंशीच्या हिवाळ्यात सर स्वतःच्या रजेत तिकडे गेले आणि दोन गोणपाटं भरून माती घेऊन आले. सीबीएस स्टँडवर एस.टी.तून उतरून टांग्यात गोणपाटं घालून ते थेट कॉलेजात आले. मी विचारलं, "सर, जेवलात का?" ते म्हणाले, "आधी पिशव्यांवरचे नंबर बघ, पुसले तर नाहीत ना."

त्या मातीत फोरॅम नावाच्या जिवांची कवचं होती. एका पेशीचा जीव, पाण्यात तरंगत जगायचा, स्वतःभोवती चुन्याचं घर बांधायचा आणि मेला की ते घर तळाशी पडायचं. आकाराने रव्याच्या कणापेक्षाही लहान. मातीच्या ढेकळांतून ती काढायची म्हणजे ढेकळं फोडायची, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात भिजत घालायची, उकळायची आणि मग पितळी चाळणीत नळाखाली धुवायची. चिखल वाहून गेला की चाळणीत चिमूटभर चाळ, म्हणजे बारीक कणांचा भुगा, उरतो. तो वाळवायचा, काळ्या तबकडीत पसरायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ओल्या ब्रशाच्या टोकाने एकेक कवच उचलायचं. धुणं माझ्याकडे होतं, उचलणं दोघांकडे.

लाव्हाखालच्या मातीतली कवचं पहिल्यांदा पाहिली तेव्हा मी खुर्चीवरून उठायलाच तयार नव्हते. फुगीर कप्प्यांची वेटोळी, कुणाच्या अंगावर बारीक दाणे, कुणाच्या कडेला करंजीला घालावी तशी मुरड. अशी कितीतरी. लाव्हावरच्या मातीत मात्र काही नव्हतं असं म्हटलं तरी चालेल. तबकडीभर चाळात दहा-वीस कवचं, आणि तीही खुरटी, साधी, सगळी एकसारखी. नक्षीवालं एकही नाही. सर बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मोठे, देखणे, खोल पाण्यात आरामात राहणारे, ते सगळे गेले. हे बारके काहीही खाऊन जगणारे. हेच उरले."

चाळणीचं एक पथ्य होतं. एक नमुना धुतला की चाळणी ब्रशाने घासायची आणि मग मिथिलीन ब्लूच्या पाण्यात बुडवून ठेवायची. कितीही घासलं तरी जाळीच्या भोकांत काही कवचं अडकून राहतातच. ती निळी होतात. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की समजायचं, हे मागचं, हे मोजायचं नाही. सरांनी हे मला पहिल्या दिवशी सांगितलं आणि धुलाईच्या वहीत त्यासाठी रकानाच आखून दिला: 'रंग दिला'. त्याखाली मी रोज सही करायचे. त्या रंगाने बोटं निळी व्हायची आणि दोन दोन दिवस निळी राहायची. हातमोजे वगैरे तेव्हा आमच्याकडे नव्हते.

एक्क्याऐंशीच्या उन्हाळ्यात मला बघायला मालेगावहून पाहुणे येणार होते. मुलगा बँकेत होता. आईने आठवडाभर आधी बजावलं होतं, "त्या दिवशी जाऊ नकोस कॉलेजला. आणि जायचंच असेल तर ती निळी बोटं घेऊन घरात पाय ठेवू नकोस. मागच्यांनी विचारलं होतं, मुलीला काही रोग आहे का." पण सरांना त्या आठवड्यात नमुने संपवायचे होते, म्हणून मी अर्धा दिवस गेले. सकाळी लाव्हाखालचा शेवटचा नमुना धुतला. चाळणी घासली. मिथिलीन ब्लूची बरणी उघडली, आत बघितलं आणि झाकण परत लावलं. एकदाच तर, असं मनात आलं. चाळणी दोनदा नळाखाली धरली आणि तिच्यात लाव्हावरचा एक राहिलेला नमुना धुतला. मग वही घेतली आणि सवयीने 'रंग दिला' खाली सही केली.

पाहुणे आले, पोहे खाल्ले, मला चालायला लावलं, दोन ओळी वाचायला लावल्या. आठ दिवसांनी पत्रिका जुळत नसल्याचं कार्ड आलं. त्या दिवसाबद्दल माझ्या लक्षात एवढंच राहिलं.

तो नमुना निवडायला सरांनी पुढच्या वर्षी घेतला. सरांच्या पुण्याच्या मार्गदर्शकांनी क्रम लावून दिला होता आणि आधी बाकीचे होते. एका दुपारी मी पलीकडच्या टेबलावर मुलांची जर्नल लावत होते. सरांनी हाक मारली. आवाज वेगळाच होता.

"इकडे ये. काही बोलू नकोस. आधी बघ."

मी डोळा लावला. खुरट्या कवचांच्या मधोमध एक मोठं, मुरडीच्या कडेचं कवच पडलं होतं. अगदी शाबूत.

"हे लाव्हाच्या वरचं?" मी विचारलं.

"लाव्हाच्या वरचं. कळतंय का तुला? हे मेलेच नाहीत. निदान काही तरी नाहीत मेले. एवढा लाव्हा समुद्रात येऊन पडला आणि हे त्यातून पार झाले." आठवडाभरात अशी अकरा कवचं निघाली. त्यातलं एकही निळं नव्हतं. मीही तेवढीच हरखले होते. मला त्या दिवसाची आठवणसुद्धा झाली नाही, हे मी आज शपथेवर सांगू शकते. पण त्याने काही फरक पडत नाही.

त्याच रविवारी सर पेढे घेऊन आमच्या घरी आले. वडिलांना म्हणाले, "तुमच्या मुलीचा हात फार चांगला आहे. हे अर्धं काम तिचं." वडील खूश झाले. आईने चहा दिला. सर गेल्यावर तिने त्यांचा कप उचलून मोरीतल्या कोनाड्यात वेगळा ठेवला. मी पाहिलं.

त्र्याऐंशीच्या सुरुवातीला हैदराबादला परिषद होती. सरांनी तिथे निबंध वाचला. परत आले ते दहा वर्षांनी तरुण होऊन. मला समोर बसवून त्यांनी सगळं सांगितलं: कोण कोण होतं, जेवायला काय होतं, आणि निबंध संपल्यावर पहिल्या रांगेतले एक म्हातारे प्राध्यापक कसे उभे राहिले.

"ते म्हणाले, खालची कवचं वरच्या नमुन्यात मिसळली नाहीत कशावरून? सगळा हॉल माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, आमच्याकडे प्रत्येक नमुन्यानंतर चाळणी रंगात बुडते, वहीत रोजची सही आहे. आणि ती सही करणाऱ्या मुलीवर माझा माझ्यापेक्षा जास्त विश्वास आहे. लोक हसले. चांगल्या अर्थाने हसले. म्हातारे बसले खाली."

ते बोलत होते आणि माझ्या डोळ्यांसमोर ती बरणी आली. तिचं झाकण आलं. संध्याकाळी सर गेल्यावर मी कपाटातून धुलाईची वही काढली. नमुन्याचा नंबर शोधला. समोर तारीख होती, पाहुणे आले होते तीच. त्याच पानावर वरच्या ओळीत लाव्हाखालचा नमुना. आणि दोन्हींसमोर माझी सही, छान वळणदार.

मला पुढचं सांगायला लाज वाटते. मी वही जागेवर ठेवली. पुढचे सात-आठ महिने मी रोज कामावर गेले, सरांना रोज नमस्कार केला. सांगायचं असं दररोज ठरवायचे. सकाळी गंगापूर रोडने चालत येताना वाक्यं जुळवायचे आणि प्रयोगशाळेचं दार उघडलं की सर विचारायचे, "हं, काय म्हणते आज आपली मंडळी?" ती अकरा कवचं त्यांची मंडळी झाली होती. मी म्हणायचे, "बरी आहेत, सर."

पुण्याच्या मार्गदर्शकांनीच शेवटी अट घातली. प्रबंध देण्याआधी त्याच थरातली नवी माती आणा आणि पुन्हा दाखवा. सर हसतच राजमहेंद्रीला गेले. खाण तोवर पुढे सरकली होती, आधीची भिंत तोडून नेली होती. पण तोच थर शेजारच्या भिंतीत होता. त्यांनी पूर्वीपेक्षा जास्त माती आणली. मी ती धुतली. प्रत्येक वेळी चाळणी घासली, रंगात बुडवली, इतका वेळ बुडवली की पितळ निळसर दिसायला लागलं.

चार महिने सर निवडत राहिले. तबकडीमागून तबकडी. खुरटी कवचं, साधी कवचं. मुरडीचं एकही नाही. सुरुवातीला म्हणायचे, "एखादा तरी लागेल." मग बोलेनासे झाले. डोळे लाल व्हायचे, त्यांवर ओला रुमाल ठेवून बसायचे. डबा तसाच परत न्यायचे. एका शनिवारी प्रॅक्टिकल संपून मुलं गेली होती. सर म्हणाले, "मला वाटतं, माझंच काहीतरी चुकतंय. नजर कमी झाली असावी. तू बस जरा, तुला दिसतंय का बघ."

मी बसले नाही. उभ्या उभ्याच म्हटलं, "सर, दिसणार नाहीत. ती वरची नव्हतीच."

"म्हणजे?"

"त्या दिवशी मी चाळणी रंगात बुडवली नव्हती."

त्यांनी कपाटाकडे बोट केलं. "वहीत सही आहे."

"सही केली होती. रंग दिला नव्हता. मला बघायला येणार होते. बोटं निळी होतील म्हणून..."

खाली मैदानावर मुलांचा व्हॉलीबॉल चालला होता. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं, आता ओरडतील. मला त्यांनी ओरडायला हवं होतं.

"तुला हे कधीपासून माहीत आहे?"

"हैदराबादहून आलात तेव्हापासून."

"आणि माती आणायला मी परत गेलो, तेव्हा तुला माहीत होतं."

मी मान हलवली. त्यांनी समोरची तबकडी बाजूला सरकवली. मग म्हणाले, "पसंत केलं होतं का त्यांनी?"

"नाही."

"बरं." ते उठले, खिडकीशी गेले. पाठ माझ्याकडे. "तुझ्या चुकीला लोक घाई म्हणतील. पोरगी आहे, लग्नाचं वय, झालं असेल. माझ्या चुकीला काय म्हणतील, ते त्या स्टाफरूममध्ये तूही ऐकलंयस. माझ्या मागून जे येणार, त्यांनाही तेच ऐकावं लागेल." आवाज चढला नव्हता. "मला एकच सांग. मी महाराचा नसतो, दुसरा कुणी असतो, तर तू लवकर सांगितलं असतंस का?"

आजही मी छातीवर हात ठेवून नाही म्हणू शकत नाही, आणि हो म्हणायची हिंमत होत नाही.

सोमवारी त्यांनी माझ्यासमोर हाताने लिहिलेला कागद ठेवला आणि टाइप करायला सांगितला. परिषदेच्या चिटणिसांना इंग्रजीत पत्र होतं: निबंधातला निष्कर्ष मागे घेत आहे, नमुना धुताना माझ्याकडून चाळणीची पुरेशी स्वच्छता झाली नाही, ती अकरा कवचं खालच्या थरातली आहेत, लाव्हानंतर त्या समुद्रात मोठ्या प्रजाती जगल्याचा कोणताही पुरावा माझ्याकडे नाही.

"सर, इथे 'माझ्याकडून' लिहिलंय. इथे माझं नाव..."

"आहे तसं टाइप कर."

मी टाइप केलं. दोन ठिकाणी अक्षरं चुकली, तेव्हा नवा कागद घातला.

पत्राची गोष्ट आठवडाभरात स्टाफरूममध्ये पोचली. "तरी आम्ही म्हणत होतो," हे वाक्य मी तिथे किती वेळा ऐकलं ते सांगता येणार नाही. एकदा माझ्या तोंडावर एक जण म्हणाले, "तुम्ही तर बिचाऱ्या नीट धुवायचात, वहीत सह्या आहेत तुमच्या." मी जर्नलांचा गठ्ठा ठेवला आणि बाहेर आले. तिथे उभं राहून खरं सांगायला मला एक मिनिट पुरलं असतं.

सरांनी मला कामावरून काढलं नाही, तक्रारही केली नाही. फक्त त्यानंतर चाळणी माझ्या हातात दिली नाही. नळाखाली स्वतः उभे राहायचे. काम तसं उरलंही नव्हतं. मार्गदर्शक निवृत्त झाले, दुसरे मिळाले नाहीत. अकरा कवचं वजा केल्यावर प्रबंधात जे राहिलं, ते खरं होतं. सगळं संपलं, थोडं खुरटं उरलं, एवढंच ते सांगत होतं. आज त्या मातीबद्दल पुढच्या लोकांनीही साधारण हेच म्हटलंय, असं मी वाचलं. पण सरांनी ते पुन्हा लिहायला घेतलं नाही. शहाऐंशीत भूशास्त्राला मुलं कमी पडायला लागली, तेव्हा त्यांची बदली संस्थेच्या दुसऱ्या कॉलेजात झाली. तिथे ते पर्यावरण आणि भूगोल शिकवायचे. निरोपाला शाल-नारळ दिलं. मला म्हणाले, "येतो." मी पाया पडायला वाकले, तर ते दोन पावलं मागे सरले.

एकोणनव्वदच्या पावसाळ्यात ते गेल्याचं शिपायाकडून कळलं. हृदयविकाराचा झटका. मला आठ दिवस उशिरा कळलं. मी नाशिकरोडच्या बाजूला त्यांच्या कॉलनीत घर शोधत गेले. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धांच्या तसबिरींशेजारी सरांचा फोटो होता, त्याला हार घातलेला. त्यांच्या पत्नीने पाणी दिलं. त्यांना मी पहिल्यांदाच पाहत होते, पण त्यांनी मला ओळखलं.

"तुम्ही चाळणीवाल्या ना? लय नाव घ्यायचे तुमचं. पहिल्यांदा."

पहिल्यांदा. मग कधीतरी घ्यायचं थांबले असणार. मी विचारलं, "पीएच.डी.चं काय झालं, ते त्यांनी सांगितलं होतं का?"

"काय सांगायचं? सोडून दिली. मी लय बोलले त्यांना. म्हटलं, एवढी वर्षं घातली, पोरांकडं बघितलं नाय, आणि शेवटाला आळस केला. ते ऐकून घ्यायचे. एका शब्दानं उत्तर दिलं नाय कधी."

त्यांनी घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी जाताना ठरवून गेले नव्हते, पण तिथे बसल्यावर मी सगळं सांगितलं. बरणी, पाहुणे, सही, हैदराबाद, राजमहेंद्रीची दुसरी खेप, सरांनी माझं नाव वगळून लिहिलेलं पत्र. त्या ऐकत होत्या. पदर हातात धरून तो हळूहळू बोटाला गुंडाळत होत्या. मी थांबले तेव्हा म्हणाल्या,

"मी त्यांना आळशी म्हणायचे."

मला रडू आलं. त्या रडल्या नाहीत.

"तुम्ही आता का आलात सांगायला? ते होते तेव्हा या घरात येऊन सांगितलं असतं, तर मी बोलायची थांबले असते. पाच वर्षं काय थोडी हायेत?" त्या उठल्या, माझ्यासमोरचा पाण्याचा रिकामा पेला उचलला. "आता तुम्ही जा. सून येईल बाजारातनं. तिच्यासमोर नको हे."

मी उठले. चपला घातल्या. पायऱ्या उतरून रस्त्यावर आले तोवर आतून कडी लागल्याचा आवाज आला. त्या घरी मी परत गेले नाही.